खुर्चीचं मृत्युपत्र होत नाही

रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही कादंबरी २०१९ साली आली. पठारे मूळचे पारनेर तालुक्यातल्या जवळ्याचे, आणि नोकरीची सगळी वर्षं संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेलेली. त्यांच्या 'ताम्रपट'ला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. पण नगर जिल्ह्याच्या इतिहासाचा विचार करताना मला ही नंतरची कादंबरी अधिक महत्त्वाची वाटते. कुलवृत्तांत हा मराठीतला ओळखीचा ग्रंथप्रकार आहे. विसाव्या शतकात अनेक ब्राह्मण घराण्यांनी वर्गणी काढून असे ग्रंथ छापले: मूळपुरुष, त्याचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे, फांद्या फुटलेला वंशवृक्ष. लेकी त्यात नावापुरत्या, आणि सुना फार तर अमक्या गावच्या अमक्यांच्या कन्या म्हणून. पठारे हाच साचा एका मराठा घराण्यासाठी वापरतात, यादवकाळाच्या अखेरीपासून आजपर्यंतचा पट मांडतात आणि दाखवतात की कुळ एका सरळ रेषेत कधीच वाढलेलं नसतं. बाहेरून आलेल्या बायका, निराळ्या जातींतली नाती, स्थलांतरं, दुष्काळ यांतून घराणं घडतं; शुद्धतेची कथा मागाहून रचली जाते. कादंबरी हा पुरावा नव्हे, हे मान्य. पण तिने विचारलेला प्रश्न इतिहासाचाच आहे: आज जी नाती अनादि वाटतात, ती नेमकी कधी आणि कशामुळे जुळली?

हा प्रश्न नगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, विशेष लागू पडतो. इथल्या राजकारणाविषयी एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: पक्ष कोणताही असो, शेवटी सगळे एकमेकांचे सोयरे. हे बोलताना गृहीत असं धरलेलं असतं की सोयऱ्याधायऱ्यांचं हे जाळं जुन्या सरंजामी समाजाचा अवशेष आहे, लोकशाही आणि सहकार आले तरी ते मागे उरलं, आणि शिक्षण वाढेल तसं ते आपोआप विरेल. माझं म्हणणं याच्या उलट आहे. जिल्ह्यातल्या सत्ताधारी घराण्यांची सोयरीक आज ज्या रूपात दिसते, ती बहुतांशी १९५० नंतरची आहे. ती सहकाराच्या आडून टिकलेली नाही. सहकारी मालकीच्या रचनेनेच तिची गरज निर्माण केली. जमीन मुलाला देता येते, वतन मुलाला देता येत होतं. कारखान्याची खुर्ची मात्र कायद्याने कुणाच्याही नावे करून ठेवता येत नाही. जे मृत्युपत्राने देता येत नाही, ते माणसांच्या नात्यांतून राखावं लागतं.

आधी काय होतं, ते पाहू. १८७५ च्या मे-जूनमध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. नगरकडे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांत त्याचा जोर होता. लोकांनी माणसं मारली नाहीत, रोखे आणि खाती जाळली. सरकारने चौकशीला आयोग नेमला, आणि पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या आयोगाच्या अहवालातला एक निष्कर्ष माझ्या मुद्द्यासाठी फार मोलाचा आहे. कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं तेव्हाचे अधिकारी सर्रास म्हणत. आयोगाने तपासून सांगितलं की लग्नखर्चाला कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिलं गेलं आहे. असे प्रसंग घरात क्वचित येतात, आणि वर्षांत विभागलं तर तो खर्च फार मोठा निघत नाही. म्हणजे त्या काळच्या नगरी शेतकऱ्याचं लग्न ही घरापुरती, भावकीपुरती बाब होती. देवक जुळत नाही ना ते पाहायचं, मामाची मुलगी असेल तर तिला पहिला मान, बैलगाडीने जाऊन-येऊन होईल अशा अंतरावरचं घर. पाटलाच्या घरी लग्न मोठं होई, पण पाटीलकी त्या लग्नावर अवलंबून नव्हती. ती वतन होती, कागदावर नोंदलेली होती, आणि मुलाकडे आपोआप जाई. सासरा कोण याने तिच्यात भर पडत नसे आणि घटही होत नसे.

शिवाय तेव्हाचा नगर जिल्हा कोरडा होता. जमीन भरपूर, पाऊस बेभरवशाचा. १८७६-७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या दुष्काळांनी गावं रिकामी केली. गावागावांतल्या कुटुंबांत फरक होता, पण तो दारिद्र्याच्या कमी-अधिक पायऱ्यांचा होता. सोयरीक जुळवून ज्यावर ताबा मिळवावा असं मोठं काही जिल्ह्यात नव्हतंच. ते आणलं पाटाच्या पाण्याने. गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून आणि दारणेच्या धरणातून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोपरगावकडे कालवे वाहू लागले. अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या बाजूंना पाणी पोहोचलं. स्थानिक शेतकऱ्यांनी सुरुवातीला हे पाणी घेतलं नाही. उसाला पाणीपट्टी, खत, वर्ष-दीड वर्षाचं भांडवल लागतं. जिराईत बाजरीवर जगणाऱ्याला ती जोखीम परवडणारी नव्हती. ऊस पिकवायला आले ते सासवडचे माळी. नीरेच्या कालव्यावर उसाचं आणि गुऱ्हाळाचं तंत्र त्यांनी आधीच हस्तगत केलं होतं. त्यांच्यामागून कंपन्या आल्या: हरेगावची बेलापूर कंपनी, १९३२ मध्ये साखरधंद्याला जकातीचं संरक्षण मिळाल्यावर टिळकनगरला डहाणूकरांचा कारखाना, साकरवाडीला सोमय्यांचा. कंपन्यांनी हजारो एकर जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली. या खंडकऱ्यांनी जमिनी परत मिळवण्यासाठी पुढे कित्येक दशकं लढा दिला. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी नगरच्या उसाच्या पैशावर ना पाटलांची सत्ता होती ना त्यांच्या सोयऱ्यांची. ती बाहेरून आलेल्यांची होती.

इथे एका दूरच्या कादंबरीची आठवण काढणं उपयोगी ठरेल. जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन' १८१७ च्या अखेरीस, तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिच्यातले सर वॉल्टर इलियट एकच पुस्तक आवडीने वाचतात: सरदार घराण्यांची वंशावळ, आणि तीही आपल्या घराण्याचं पान उघडून. मात्र त्यांचं घर कर्जात आहे. शेवटी पिढीजात वाडा भाड्याने द्यावा लागतो, तो नौदलात पैसा आणि नाव कमावलेल्या एका अॅडमिरलला. घराण्यांची नावं जुनी, पैसा नवा, आणि दोहोंमधला पूल लग्नाचा, असं त्या समाजाचं चित्र आहे. पण ऑस्टिनच्या जगात नात्यांचा सगळा खटाटोप एका कायदेशीर पायावर उभा असतो: इस्टेट ठरलेल्या पुरुष वारसाकडे जाते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या पाच बहिणींपुढे संकट उभं राहतं ते याच वारसाहक्कामुळे. मुलींची लग्नं महत्त्वाची ठरतात, कारण त्या इस्टेटीच्या बाहेर आहेत. इंग्लंडात लग्न हे वारशातून बाहेर पडलेल्यांचं साधन होतं. नगरमध्ये पुढे जे घडलं, त्यात वारसा सांगता येईल अशी वस्तूच नाहीशी झाली आणि लग्न हे आत असलेल्यांचं साधन बनलं. नगरच्या सोयरिकीला सरंजामी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

हे घडलं ते प्रवरेकाठी. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील १९२० च्या दशकापासून गावात सहकारी पतसंस्था चालवत होते. त्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि सहकारातले जाणते वैकुंठभाई मेहता यांचं बळ त्यांना मिळालं, आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या सहकारी कारखान्याने पहिलं गाळप सुरू केलं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. आता एक तपशील पाहा. या कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था चालवणारा हा ब्राह्मण विद्वान लोणी पंचक्रोशीत कुणाचा जावई नव्हता, व्याही नव्हता, मामा नव्हता. मेहता तर गुजराती. सहकाराच्या जन्मकाळी सोयरीकच कळीची असती, तर अध्यक्षपद गाडगिळांकडे गेलंच नसतं. सुरुवातीला लोकांना हवी होती पत आणि हिशेबाची खात्री, आणि ती त्यांनी नात्याबाहेरच्या माणसात पाहिली. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात ठळक पुरावा आहे. सोयऱ्यांचं जाळं कारखान्याच्या आधीचं नाही, नंतरचं आहे.

नंतर काय बदललं? कारखाना चालला, आणि मग तो नुसता कारखाना राहिला नाही. कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीगोंदा, नेवासे अशा एकेका तालुक्यात पुढच्या दोन-तीन दशकांत सहकारी कारखाने उभे राहिले. प्रत्येकाभोवती शाळा, महाविद्यालय, दूध संघ, दवाखाना, वाहतुकीची कंत्राटं, जिल्हा बँकेतलं वजन. कुणाचा ऊस आधी तुटणार, कुणाच्या पोराला कारखान्यात चिकटवणार, कुणाला कर्ज मिळणार, हे सगळं चेअरमन आणि संचालक मंडळाच्या हातात आलं. आणि याच काळात जुन्या सत्तेचे वारशाने येणारे आधार कायद्याने गेले. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने, महारवतनासारखी वतनं १९५८ च्या कायद्याने, महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. १९६१ च्या कायद्याने जमिनीवर कमाल मर्यादा आली. पाटलाच्या मुलाला आता वारशाने मिळणार होतं ते थोडं. मिळवायचं होतं ते बरंच मोठं, पण निवडणुकीने. सहकारात एक सभासद, एक मत. शंभर एकरवाल्याला आणि दोन एकरवाल्याला सारखंच. मुदत संपली की पुन्हा पॅनेल, पुन्हा प्रचार. अशा व्यवस्थेत सत्ता टिकवायची तर गटागटांत, गावागावांत, आणि शेजारच्या तालुक्यांतही विश्वासाची माणसं लागतात. विश्वास विकत घेता येत नाही, पण सोयरीक करून तो जुळवता येतो, निदान तसा समज असतो. तेव्हा लग्न घरापुरतं राहिलं नाही. जावयाचं गाव कोणत्या गटात येतं, व्याह्यांचा कारखाना कोणता, हे विचारलं जाऊ लागलं.

अंतरही बदललं. जी सोयरीक बैलगाडीच्या वाटेवर होत होती, ती आता जिल्ह्याच्या सीमा ओलांडू लागली. राहुरीचे तनपुरे आणि वाळव्याचे राजारामबापू पाटील यांच्या घराण्यांचं नातं सर्वश्रुत आहे: राजारामबापूंची मुलगी तनपुऱ्यांकडे दिली, आणि राहुरीतून २०१९ ला निवडून आलेले प्राजक्त तनपुरे हे राजारामबापूंचे पुत्र जयंत पाटील यांचे भाचे. राहुरी आणि सांगली जिल्ह्यातला वाळवा या दोन तालुक्यांमध्ये जुन्या काळी जाणं-येणंच नव्हतं. त्यांना जोडणारा समान धागा एकच: दोन्हीकडे सहकारी साखर कारखाना आणि त्याच्याभोवतीची सत्ता. संगमनेरचे भाऊसाहेब थोरात, त्यांचे पुत्र बाळासाहेब, आणि २०२३ मध्ये अपक्ष म्हणून विधान परिषदेवर गेलेले बाळासाहेबांचे भाचे सत्यजित तांबे, हेही उदाहरण घ्या. इथे वारसा बापाकडून मुलाकडेच जातो असं नाही, तो बहिणीच्या घराकडेही वळतो. कुलवृत्तांताच्या वंशवृक्षात भाच्याला जागा नसते, पण या सत्तेच्या नकाशात आहे. नगरचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास लिहायचा तर आडनावांची यादी अपुरी पडेल. लेकी कुठे दिल्या आणि सुना कुठून आल्या याची यादी लागेल. लग्नपत्रिका हे त्यासाठीचं साधन आहे. अशा पत्रिकेत वधूवरांपेक्षा मोठी जागा निमंत्रकांना असते, आणि कुणाच्या नावापुढे आजी चेअरमन, कुणापुढे माजी सभापती, कुणापुढे जिल्हा बँकेचा संचालक असं छापलेलं असतं. साल घालून अशा पत्रिका गोळा केल्या तर तालुक्यातला सत्तेचा हिशेब हातात येईल. दुर्दैवाने ग्रंथालयं त्या जपत नाहीत.

यात बाईच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न टाळता येणार नाही. लेकींचा जमिनीवरचा हक्क कायद्याने क्रमाक्रमाने वाढला. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हिस्सा दिला, केंद्राने तो २००५ मध्ये दिला. पण बागायती पट्ट्यात हक्कसोडपत्रावर सही करून देणं ही लेकींची रीतच मानली गेली. भावाशी वितुष्ट नको, माहेर तुटायला नको, म्हणून बहीण सही करते. तिला जमिनीऐवजी मिळालं ते मोठं लग्न, हुंडा आणि मानाचं सासर. मला यात या रचनेचा सर्वांत मोठा अन्याय दिसतो. दोन घराण्यांना जोडणारा दुवा तीच, आणि दोन्हीकडच्या मालमत्तेत नाव नसणारी तीच. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरला तरी वाढतच गेला. १८७५ च्या आयोगाने ज्या लग्नखर्चाला किरकोळ म्हटलं होतं, त्याला शंभर वर्षांनी या पट्ट्यात राजकीय गुंतवणुकीचं रूप आलं, आणि ज्यांच्याकडे गुंतवायला काहीच नव्हतं अशा लहान शेतकऱ्यांनाही त्याच मापाने लग्नं करावी लागली.

या मांडणीवर आक्षेप येतील. पहिला असा की नात्यावर सत्ता उभी करणं मराठा समाजात शिवपूर्वकाळापासून आहे; निंबाळकर, जाधव, मोहिते, घोरपडे यांच्या सोयरिकी सगळ्यांना ठाऊक आहेत. ते खरंच आहे. पण त्या सरदारांच्या पातळीवरच्या होत्या, आणि त्यांच्यामागे फौज आणि वतनं होती. नगरच्या कारखानदारीत पुढे आलेली घराणी सरसकट अशा सरदारांची नव्हती. ती गावपातळीवरच्या शेतकऱ्यांची होती, आणि त्यांतली कित्येक १९५० पूर्वी आपल्या तालुक्याबाहेर कुणाला माहीतही नव्हती. त्यांनी सरदारांच्या सोयरिकीचा नमुना उचलला, शहाण्णव कुळींची भाषाही उचलली, पण त्यामागचं कारण नवं होतं. रूढीचा आकार जुना असला म्हणून तिचं काम जुनंच असतं असं नाही. ज्या घराण्यांत १८७५ मध्ये कर्जाचे रोखे होते, त्यांत १९७५ मध्ये शहाण्णव कुळीचा अभिमान दिसतो. मधल्या काळात बदललं ते पाणी आणि त्यामागून आलेला कारखाना. पठाऱ्यांची कादंबरी कुळाच्या शुद्धतेवर जे प्रश्नचिन्ह लावते, ते म्हणूनच इतकं झोंबतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोयरे एकत्र राहतात हेच कुठे खरं आहे? नगर जिल्हा भांडणांसाठीच तर प्रसिद्ध. कोपरगावात काळे आणि कोल्हे, लोणी आणि संगमनेर, एकाच तालुक्यात दोन कारखाने, एकाच घरात दोन पक्ष. नातं जर इतकं परिणामकारक असेल तर हे का? इथे समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांच्या अभ्यासाकडे वळायला हवं. त्यांनी कोपरगाव परिसरातल्या सहकारी कारखान्याचं राजकारण जवळून पाहिलं आणि १९८० मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखान्यातले गट नात्यांवर, जातींवर, गावांवर बांधले जातात हे त्यांनी नोंदवलं. पण त्याचबरोबर हेही की या गटबाजीने कारखाना बुडत नाही, उलट विरोधी गटाच्या डोळ्यांत तेल घालून पाहण्याने कारभारावर वचक राहू शकतो. माझा मुद्दा याच्याशी जुळतो. सोयरीक ही एकीची हमी नव्हे. भांडण कुठवर न्यायचं याची ती मर्यादा आहे. हरलेला पॅनेलप्रमुख पुढच्या लग्नात व्याह्यांच्या शेजारी बसतो आणि पाच वर्षांनी पुन्हा उभा राहतो. म्हणूनच पक्ष बदलले तरी घराणी बदलत नाहीत. भांडण आहे, पण ते आतल्यांचं आहे. बाहेरच्याला उभं राहायला जागाच सापडत नाही.

आणि बाहेरचे कोण, हे पाहिलं की विषयाची दुसरी बाजू दिसते. भंडारदऱ्याचं पाणी ज्या अकोले तालुक्यात अडतं, तिथल्याच धामणगावचे दया पवार. त्यांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण वर्ग आणि नाती यांच्याबद्दल नगर जिल्ह्याने मराठीला दिलेलं सगळ्यात निखळ पुस्तक तेच. महारवाड्यातली भावकी, मामा, आत्या, मुंबईला कावाखान्याच्या वस्तीत गेलेले नातेवाईक यांचंही जाळं त्यात आहे, आणि तेही माणसाला जगवतं. मात्र त्या जाळ्याच्या टोकाला जमीन नाही, खुर्ची नाही, गावाच्या कामाच्या बदल्यात मागून आणलेलं बलुतं आहे. नाती सगळ्यांनाच असतात. त्यांना बांधायला मालमत्ता मिळाली तरच त्यांची सत्ता होते.

उसाचंच दुसरं टोक तर आणखी बोलकं आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारचा बीड जिल्हा इथून दर दिवाळीनंतर तोडणी कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती माणसाला नव्हे, कोयत्याला. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. तेव्हा हंगामाच्या तोंडावर घाईने लग्नं लागतात, मुलींची वयं कमी असताना लागतात, कारण जोडीशिवाय पुरी उचल नाही. ज्या उसावर एका घराण्याची खुर्ची उभी आहे, त्याच उसाच्या फडात दुसऱ्या घराचं लग्न मजुरीचं एकक बनतं. कुणी म्हणेल की कोयत्याचं लग्न ही गरिबीची गोष्ट आहे, तिची सोयरिकीच्या राजकारणाशी सांगड घालू नये. पण दोन्ही एकाच व्यवस्थेत तयार झाल्या, एकाच काळात वाढल्या, आणि दोन्हीकडे लग्नाचं माप उसाने ठरवलं. सहकारी कारखान्यात ऊस उत्पादकाला मत आहे. तोडणाऱ्याला नाही, कारण तो सभासद नाही. सहकाराच्या गौरवात हे वाक्य सहसा गाळलं जातं, म्हणून ते इथे लिहायला हवं.

मराठी कादंबरीने हा सगळा पट इतक्या उशिरा का हाती घेतला, याचंही कारण यातच सापडतं. हरिभाऊ आपट्यांपासून आपल्या कौटुंबिक कादंबरीचं घर पुण्या-मुंबईच्या पांढरपेशांचं राहिलं. ग्रामीण कादंबरीने दुष्काळ, धनगर, कोरडवाहू शेतकरी पाहिला आणि ते फार चांगलं केलं. बागायतदार घराण्याचं दिवाणखान्यातलं जीवन, व्याह्यांची बोलणी, हक्कसोडावरची सही, हे दोहोंच्या मधे राहून गेलं. ते शहरी नव्हतं आणि दरिद्रीही नव्हतं. शिवाय लिहिणारे बरेचसे याच शिक्षणसंस्थांमध्ये नोकरीला होते, ज्यांचे अध्यक्ष याच घराण्यांतले होते. त्या पार्श्वभूमीवर संगमनेरला राहून पठाऱ्यांनी जे लिहिलं, त्याचं मोल मोठं आहे.

आता मालकी बदलते आहे. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात अनेक सहकारी कारखाने तोट्यात गेले, बँकांनी ताब्यात घेतले, विकले गेले. आज गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी जवळपास निम्मे खासगी आहेत. नगर जिल्ह्यातही पारनेरचा आणि कर्जत तालुक्यातला जगदंबा हे सहकारी कारखाने खासगी मालकीत गेले. खासगी कारखान्याला सभासद नाहीत, पॅनेल नाही, सर्वसाधारण सभेत उठून प्रश्न विचारणारा शेतकरी नाही. त्याचे भाग बाप मुलाच्या नावे करू शकतो. माझं म्हणणं बरोबर असेल, तर अशा तालुक्यांत सोयरिकीचं राजकीय काम येत्या पिढीत कमी होत जाईल आणि घराण्याची रेषा पुन्हा बापाकडून मुलाकडे सरळ जाऊ लागेल. ज्यांना सोयऱ्याधायऱ्यांचं राजकारण संपलेलं पाहायचं आहे, त्यांना हा बदल कदाचित आधुनिक वाटेल. मात्र दोन एकरवाल्या सभासदाचं मत मिळवण्यासाठी निदान त्याच्या पोरीच्या लग्नाला जावं लागत होतं. नव्या मालकाला तेवढंही लागणार नाही.